बादशहाच्या मांडीवरून पत्र्याच्या शेडमध्ये

लग्नात असो, बारशात असो, एसटीत शेजारच्या सीटवर असो, मी प्राण्यांची डॉक्टर आहे हे कळलं की समोरच्याचा चेहरा खुलतो. "मॅडम, तुमच्याकडे तर एकेक किस्से असतील!" असतात हो. रोज एखादा दारात येऊन बसतो, बोलावणं धाडावं लागत नाही. फक्त लोकांना वाटतं की ते किस्से कुत्र्यांचे असतात. कुत्रं बिचारं काय करणार? किस्से माणसं करतात आणि सलाइन कुत्र्याला लागतं!

आधीच सांगते, मी चिडकी आहे. आमच्या दवाखान्याबद्दल एका बाईंनी इंटरनेटवर लिहिलंय, "डॉक्टर हुशार आहेत, पण फार ओरडतात. कुत्र्यांवर नाही, माणसांवर." नफिसानं मला ते मोठ्यानं वाचून दाखवलं. नफिसा म्हणजे माझी असिस्टंट, राजिवडा मोहल्ल्यातली, बारा वर्षं माझ्याबरोबर आहे. मी म्हटलं, "खोटं काय आहे त्यात?" ती म्हणाली, "काही नाही. म्हणून तर मी लाइक केलं."

नोकरीची वीस वर्षं मी गावोगाव फिरून म्हशींची अडलेली बाळंतपणं केली. खांद्यापर्यंत हात आत घालून! एकाही शेतकऱ्यानं मला म्हशीचं घराणं सांगितलं नाही. मग रत्नागिरीत स्वतःचा दवाखाना टाकला आणि बघते तर काय, बाकावर सगळे राजेरजवाडे बसलेले. पग, शित्झू, ल्हासा, पॉमेरेनियन. ओंजळीत मावतील एवढी कुत्री आणि प्रत्येकाचा मालक मोबाइलवर वाचलेला इतिहास घेऊन हजर.

*

मे महिन्यात एक तरुण बिल्डर पग घेऊन आला. स्वतःच्या गळ्यात कुत्र्याच्या पट्ट्यापेक्षा जाड सोन्याची चेन. आल्या आल्या सुरू झाला, "मॅडम, ह्याचे पूर्वज चीनच्या बादशहाच्या मांडीवर बसायचे. नोकरचाकर होते त्यांना!"

मी म्हटलं, "हा कुठे बसतो?"

"गेटजवळ. पत्र्याची शेड केलीय खास."

कातळावरचा बंगला, झाड औषधाला नाही, वर पत्रा आणि मे महिना. पगाच्या हिरड्या जांभळ्या पडल्या होत्या. आधीच चेपलेलं नाक, त्यातून श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येत होता. आम्ही दोघींनी त्याला ओल्या टॉवेलात घेतलं, ऑक्सिजन लावला, पंखा सोडला. मालक शांत. म्हणाला, "घोरतोय ना? छान झोप लागते त्याला."

"अहो, घोरत नाहीये तो! गुदमरतोय! तुम्हाला उशीत तोंड दाबून झोपवलं तर तुम्ही पण असंच घोराल!"

पग वाचला. जाताना बिल्डरसाहेबांनी विचारलं, "मग आता मांडीवर घेऊन बसायचं की काय ह्याला?"

मी म्हटलं, "हो. आणि एसी लावून!"

*

दुसरं कुटुंब मात्र मनानं फार चांगलं. त्याचाच जास्त राग येतो, कारण नीट ओरडताही येत नाही. नवरा, बायको, सासूबाई आणि टोपलीत ल्हासा ॲप्सो. अंगावरचे केस पुंजक्यापुंजक्यानं गळलेले. खायला काय देता विचारलं तर म्हणाले, वरणभात, दूध, गुरुवारी साबुदाणा.

"मासे?"

सासूबाईंनी कानांना हात लावले. "छे छे! तिबेटच्या देवळातली जात आहे हो ही. लामांकडे असायची."

"आणि तुम्ही?"

"आम्ही खातो की. काल सुरमई होती."

म्हणजे सुरमई ह्यांनी खायची, सोवळं कुत्र्यानं पाळायचं! मी प्रथिनांवर व्याख्यान द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात टोपली रिकामी दिसली. देवळातली जात आतल्या खोलीत नफिसाच्या डब्यात तोंड घालून बसली होती. सुक्या बोंबलाचं कालवण होतं त्यात, तिनं डबा चाटूनपुसून लख्ख केला. सासूबाई "शिव शिव" म्हणाल्या. नफिसा म्हणाली, "आजी, तिचं बरोबर आहे. मीठ जरा जास्त झालं होतं, पण तिनं तक्रार नाही केली." त्या कुत्रीला पुढे मीठ-मसाला न घालता उकडलेले मासे सुरू झाले. दोन महिन्यांत केस आले. सासूबाई अजून सांगतात की नवसानं आले!

*

एका बाईंनी पॉमेरेनियनचा वाढदिवस भाट्याच्या किनाऱ्यावर केला. दुपारी चार वाजता, उन्हात. थीम होती राजदरबार. इंग्लंडच्या राणीकडे पॉमेरेनियन होते म्हणे, म्हणून ह्यांच्या पॉमला मखमलीचा अंगरखा, त्याला अस्तर, डोक्यावर मुकुट, तो इलॅस्टिकनं आवळलेला. कुत्रं वाळूत आडवं पडलं तेव्हा बाईंना वाटलं पोज देतंय.

टेबलावर घेतलं तर ताप थर्मामीटरमध्ये मावेना. मी कात्रीनं मखमल उभी फाडली. बाई ओरडल्या, "अहो, चेन आहे त्याला मागे!"

तासाभरानं कुत्र्यानं डोळे उघडले. मी खुर्चीत बसले. बाईंनी डोळे पुसले, मोबाइल काढला आणि फार नम्रपणे विचारलं, "सलाइन दिसेल असा एक फोटो काढू का?"

मी काय बोलले ते लिहीत नाही. इंटरनेटवर शोधा, सापडेल.

*

आता बागायतदार. त्याचं नाव मी घेत नाही, जिभेवर नको मला ते. आंब्याच्या बागा आहेत, त्यात शेड आहे, शेडमध्ये पाच-सहा शित्झू माद्या. पिल्लं विकतो. ब्रह्मदेशाच्या राजाला इंग्रजांनी आमच्या रत्नागिरीत आणून ठेवलं होतं, त्याचा राजवाडा पर्यटक बघायला येतात. ह्यानं ते बरोबर पकडलं. पर्यटकांना सांगतो, "राजाच्या राणीनं येताना कुत्री आणली होती. तीच ही लाइन!" आणि पिल्लू आंब्याच्या पेटीत गवत घालून देतो.

मी तोंडावर विचारलं, "लाज नाही वाटत? पनवेलहून आणलीत ना ही कुत्री?"

तो हसला. "मॅडम, बाहेरचा आंबा रत्नागिरीच्या पेटीत घातला की लोक वास घेऊन वा वा करतात. गिऱ्हाईक पेटी बघतं ओ, आतलं कोण बघतो?"

ह्या माणसानं एक मादी आणली. चार वर्षांची असेल. केसांच्या जटा झालेल्या, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा, एक डोळा चिकटलेला. तीनदा व्यालेली, त्यात दोन सिझर. नफिसानं केसपेपर घेतला. "नाव?"

"फिमेल लिहा."

"नाव विचारलं मी."

"तेच ओ. नंबर दोनची फिमेल."

नफिसानं त्याच्याकडे पाहिलं आणि कागदावर स्वतःच्या मनानं "नूरी" लिहिलं.

मी तपासलं आणि स्पष्ट सांगितलं, "हिला पुन्हा गाभण राहू देऊ नका. गर्भपिशवी फाटेल. ही मरेल. ऑपरेशन करून पिशवी काढून टाकू, मी फी घेत नाही."

"एवढा सीझन जाऊ दे."

"अहो, आंब्याचं कलमसुद्धा एक वर्ष आड धरतं! त्याला विश्रांती देता ना तुम्ही?"

"आता कुठं? औषध घातलं की दरवर्षी मोहोर येतो," तो म्हणाला. "हिला नाय का तसलं औषध?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याला दवाखान्याबाहेर काढलं. पण तो गेला तो नूरीला घेऊन गेला आणि मला तिला थांबवता आलं नाही. मी रीतसर तक्रार केली. एक साहेब आले, शेड बघितली आणि जाताना हापूसची पेटी घेऊन गेले.

*

चार महिन्यांनी, भर दुपारी, तीच गाडी दारात. मागच्या सीटवर पोत्यावर नूरी, पोट टम्म, मान टाकलेली. आदल्या दिवशीपासून कळा देत होती. आदल्या दिवशीपासून! आणि हा आंबे उतरवून मग आला.

"पिल्लं वाचवा मॅडम," तो म्हणाला. "तिचं काय ते बघा मग."

मी नूरीला उचलून टेबलावर घेतलं. नफिसानं पोटाचे केस काढले. पिशवी फाटायला आली होती, भिजलेल्या कागदासारखी हाताला लागत होती. तीन पिल्लं निघाली, दोन रडली. मग मी पिशवीच काढून टाकली. नूरीची नाडी दोनदा सापडेनाशी झाली. नफिसा तोंडातल्या तोंडात दुवा म्हणत होती आणि मी शिव्या देत होते. कशाचा गुण आला कोण जाणे, पाच वाजता नूरीनं शेपूट हलवलं.

बाहेर येऊन मी सांगितलं, "दोन पिल्लं आहेत. आई जगली. पिशवी काढावी लागली."

"म्हणजे आता धरणार नाय?"

"नाही."

"कधीच?"

"कधीच!"

त्यानं पेटी उचलली, त्यात पिल्लं होती. "मग हिला मी कशाला नेऊ?"

मी इतक्या जोरानं ओरडले की शेजारचा मेडिकलवाला धावत आला. "पिल्लांना पाजणार कोण? तुम्ही?"

हे मात्र त्याला पटलं. नूरीला घेऊन गेला. दीड महिन्यानं पिल्लं विकली गेली, आणि एका सकाळी आम्ही दवाखाना उघडायला गेलो तर ग्रिलला सुतळी, सुतळीला नूरी. चिठ्ठी नाही, काही नाही. तिनं आम्हाला पाहिलं आणि जमिनीला पोट टेकून पडली. नफिसा तिथंच पायरीवर बसली आणि रडली. मी नाही रडले. मी फोन केला. तो म्हणाला, "कुणाला द्यायची ती द्या. मला सांगू नका."

*

नूरी दवाखान्यातच राहिली. जटा कापल्या, डोळा सुधारला. पहिला महिना ती कोपऱ्यातून हलली नाही, पुरुषाचा आवाज आला की थरथरायची. मग बोंबील सुरू झाले, मग केस आले, पांढरे आणि तपकिरी, जमिनीपर्यंत. नफिसा रोज शेंडीला रिबन बांधते. वर्षभरात वजन दुप्पट झालं. आता पंख्यासमोरची जागा तिची, पेशंट आला तरी उठत नाही.

गेल्या महिन्यात बागायतदार आला. नवीन नर घेतला होता, त्याला लस टोचायची होती. मी काही बोलायच्या आत नूरी पंख्यासमोरून उठली, माझ्या खुर्चीखाली शिरली आणि माझ्या पावलावर बसली. पाऊल ओलं झालेलं मला कळलं.

हा वाकला. खुर्चीखाली बघून त्यानं जिभेनं चक् चक् केलं. चार वर्षं जी त्याच्या शेडमध्ये होती, तिच्या तोंडाकडे तो चांगला मिनिटभर बघत होता.

"वा! काय फिमेल आहे!" तो म्हणाला. "हाडापेरानं मजबूत. केस बघा! ही आपल्याकडची लाइन नाय मॅडम. कुठून आणलीत?"

नफिसाच्या हातात भरलेली सिरिंज होती. ती माझ्याकडे बघत राहिली. मी पाय हलवला नाही.

त्यानं खिशातून मोबाइल काढला.

"एक फोटो काढू देता? गिऱ्हाइकांना दाखवतो. सांगतो, ही पिल्लांची आई."