क्लाइव वॅनपचं कोरडं जॅकेट

क्लाइव वॅनपला जॅकेटमधलं सगळं कळायचं, पावसातलं मात्र काही कळायचं नाही. आणि आमच्याकडे, केझिकच्या वरच्या अंगाला या डोंगरांत, पावसातलं कळत नसेल तर बाकीचं कळून माणसाने करायचं काय?

धंद्याने तो गाडी शिकवणारा मास्तर. अर्ध्या खोऱ्याला त्यानेच गाडी शिकवली, मलासुद्धा. शिकवणीच्या गाडीत त्याच्या पायाशी एक जादा ब्रेक होता. मला नेहमी वाटायचं, हा माणूस जेवताना, बायकोशी बोलताना, चर्चमध्ये बसतानासुद्धा तो ब्रेक पायाखाली घेऊनच बसतो. कुणी जरा तोंड उघडलं की दाबलाच. "थांब, थांब, तसं नाही ते."

मी जॉयस. आमच्या डोंगरी शर्यतींच्या क्लबात माझं काम ठरलेलं आहे. शर्यतीच्या सकाळी हॉलच्या दारात टेबल टाकून बसायचं आणि पळणाऱ्या प्रत्येकाचं सामान तपासायचं. नकाशा, होकायंत्र, शिट्टी, हातमोजे, आणि जॅकेट. जॅकेट मी उलटं करून बघते. आतून एकूणएक शिवणीवर पट्टी चिकटवलेली हवी, नाहीतर सुईच्या भोकांतून पाणी झिरपतं. टोपी जॅकेटलाच शिवलेली हवी. सगळं ठीक असलं की चेनला लाल दोऱ्याची गाठ मारते. नसलं तर पळू देत नाही, मग समोर कुणी का असेना. वर गारठून माणसं मरतात. त्यात चर्चा करण्यासारखं काही नाही.

क्लाइव मात्र चर्चा करायचा. कापड किती पाणी थोपवतं, आतला घाम बाहेर टाकतं की नाही, धुताना कुठला साबण वापरला की पट्ट्या सुटतात, कुणाचं जॅकेट का भिकार आहे. नवीन आलेल्या माणसाने हौसेने घेतलेलं जॅकेट दोन बोटांत धरून तो विचारायचा, "हे मांजरासाठी घेतलंस का?" आणि पाऊस खरोखर मुसळधार लागला की त्याचा गुडघा दुखायचा. शर्यतीला तेवढा यायचा, कारण शर्यतीला बघायला माणसं असतात.

त्याने ते जॅकेट घेतलं तेव्हा मी त्याच दुकानात बुटांच्या नाड्या घ्यायला गेले होते. बरोबर त्याची बायको मॉरीन होती. ती शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला. हात कायम लाल, बोलणं थोडं. क्लाइवने पिशवीतून घरचा वजनकाटा काढला आणि गल्ल्याच्या टेबलावर ठेवला.

"पळायला हवंय की चालायला?" दुकानदाराने विचारलं.

"ते माझं मी बघतो. तू एकेक जॅकेट आण."

मग तो तासभर काट्यावर जॅकेटं ठेवत राहिला. एका बाहीवर बाटलीतलं पाणी ओतलं. एकाच्या कापडाला ओठ लावून जोरात फुंकर मारली, हवा आरपार जाते का बघायला.

"माझ्याकडे कधी एवढं लक्ष दिलं नाहीस," मॉरीन म्हणाली.

दुकानदार हसला. क्लाइव हसला नाही.

"टोपी चढवून मान वळव ना एकदा," ती म्हणाली. "डोळ्यांवर येतेय तुझ्या."

"मॉरीन, तू शाळेत भाज्या उकड. हे माझ्यावर सोड."

शेवटी त्याने दोन घेतली. एक पक्कं, पट्ट्या मारलेलं, महागडं. दुसरं कांद्याच्या सालीसारखं, वाराच काय तो अडवील असं. मी मनात म्हटलं, चाललीय चैन. ती चैन नव्हती. तो हिशोब होता, आणि तो मला पुढे मॉरीनकडून कळला. सकाळी माझ्या टेबलावर तो पक्कं जॅकेट ठेवायचा. "नीट बघ हं जॉयस, पट्टी कुठे उचलली नाहीये ना?" मी बघायची, दोरा बांधायची. मग तो गाडीपाशी जायचा, ते जॅकेट मॉरीनच्या हातात द्यायचा आणि कांद्याची साल कमरेच्या पिशवीत कोंबून पळायला उभा राहायचा. वाचत काय होतं? दोन उकडलेल्या बटाट्यांचं वजन.

तेवढं वाचवायचं होतं स्टॅन रेल्फसाठी. स्टॅन मेंढपाळ. दांडगा, क्लाइवच्याच वयाचा, आणि आमच्या बचाव पथकाचा म्होरक्या. त्याचं जॅकेट इतकं जुनं की मूळ रंग कुठला ते त्यालाही सांगता येत नसे, पण पट्ट्या दर हिवाळ्याला स्वतः पुन्हा चिकटवायचा. ते घालून तो क्लाइवला नेमाने हरवायचा.

"स्टॅन, तंबू आणलास, खुंट्या कुठायत?" क्लाइव सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारायचा.

"आत यायचं झालं तर सांग," स्टॅन म्हणायचा. "जागा आहे."

त्या वर्षी ऑक्टोबरातली व्हिनस्कार डोंगराची शर्यत. सकाळपासून बर्फ मिसळलेला पाऊस, आणि निम्म्या डोंगराच्या वर सगळं धुक्यात गेलेलं. मी त्या दिवशी सगळ्यांना बजावलं, वर पोचायच्या आधी जॅकेट घाला, भिजल्यावर घालून उपयोग नाही. क्लाइवने मला डोळा मारला. तो डोळा मारणं मला अजून आठवतं आणि अजून हात शिवशिवतात.

दुपारपर्यंत एकेक जण खाली आला. निळ्या ओठांचे, पण चालते-बोलते. स्टॅनही आला. सगळ्यांच्या नंबरांवर खूण झाली, फक्त क्लाइवची राहिली. मॉरीन हॉलमध्ये सूप वाढत होती. दर थोड्या वेळाने दारापाशी जाऊन बाहेर बघायची आणि परत येऊन पळी हातात घ्यायची.

स्टॅनने अजून बूटसुद्धा काढले नव्हते. त्याने पथक गोळा केलं. पथक म्हणजे कोण, तर आमचा पाववाला, शाळेतले मास्तर, अशीच गावातली माणसं. ताटावरून उठून ती डोंगरावर गेली. पार कड्यापर्यंत जाऊन, हाका मारून घसे बसवून घेतले. आणि इकडे हॉलमधला फोन वाजला. पलीकडच्या खोऱ्यातल्या एका शेतावरची बाई होती.

"तुमचा एक माणूस माझ्या स्वयंपाकघरात बसलाय," ती म्हणाली. "गारठलाय. बरा होईल. चहात साखर कमी पडली म्हणून कुरकुरतोय."

पथकाला परत बोलावलं. क्लाइवला त्या बाईच्या नवऱ्याने गाडीने आणून सोडलं. अंगात त्याच माणसाचा लोकरी स्वेटर. हॉलमध्ये शिरला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, कारण आमची माणसं तशी भली आहेत. मॉरीनने त्याच्यापुढे सूप ठेवलं.

तेवढ्यात स्टॅन आत आला. नखशिखांत ओला. क्लाइवच्या शेजारी ती कांद्याची साल चोळामोळा होऊन पडली होती, तिच्याकडे बघून त्याने विचारलं, "तुझं जॅकेट कुठाय?"

इथे "मूर्खपणा केला" एवढंच म्हटलं असतं तर प्रकरण मिटलं असतं. वर्षभर बंदी आली असती, लोकांनी थट्टा केली असती आणि विसरले असते. पण आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका दाखवणाऱ्या माणसाला स्वतःची चूक कशी उच्चारायची ते येत नाही. तो सवयच नसलेला शब्द.

"दिलं," क्लाइव म्हणाला.

"कुणाला?"

"वर एक मुलगी होती. थरथरत होती. मला बघवलं नाही."

हॉलमध्ये कुजबुज झाली. कुणीतरी त्याच्या खांद्यावर थोपटलं. आणि त्याने थोपटून घेतलं! मान खाली घालून, अगदी नम्रपणे.

स्टॅन माझ्याकडे वळला. "जॉयस, सगळे परत आलेत ना?"

"सगळे. आपापल्या जॅकेटांत," मी म्हटलं.

"म्हणजे ती शर्यतीतली नव्हती."

क्लाइवचा चमचा हवेत थांबला. मग तो म्हणाला, "नसेल. फिरायला आली असावी. एकटीच होती. निळी टोपी होती."

निळी टोपी! त्याला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं.

"कुठे दिसली?"

"शिखराच्या पलीकडे. दगडांच्या राशीपाशी."

"चालता येत होतं तिला?"

"पाय मुरगळला होता बहुतेक."

"आणि तू तिला तिथे सोडून आलास?"

"मदत आणायलाच तर उतरलो!"

"मग त्या शेतावर बसून फोनवर का नाही सांगितलंस?"

"स्टॅन, मी गारठलो होतो रे. माणूस आहे मी."

स्टॅनने बाकावर बसून सैल केलेल्या ओल्या नाड्या पुन्हा आवळायला घेतल्या. पाववाल्याने दिव्याची बॅटरी बदलली. मास्तरांनी बायकोला निरोप धाडला की यायला उशीर होईल. बाहेर उजेड जायला लागला होता आणि बर्फ आता आडवा येत होता. ही माणसं नसलेल्या मुलीला शोधायला कड्यांवर जाणार होती, आणि ती सापडत नाही म्हणून रात्रभर शोधत राहणार होती. आणि क्लाइव वॅनप सूपमध्ये पाव बुडवून खात होता. मी पुष्कळ माणसं बघितली आहेत, भित्री, खोटारडी, लोभी. पण तो पावाचा घास मला आजही गिळवत नाही.

मॉरीनने पळी खाली ठेवली आणि बाहेर गेली. पुढे ती मला म्हणाली, "मी त्याला वेळ दिला गं. स्टॅनचे दोन्ही बूट बांधून होईपर्यंत. म्हटलं, आता बोलेल. आता तरी बोलेल."

ती परत आली ती जॅकेट घेऊन. नीट घडी घातलेलं, दुकानातून आणल्यासारखं कोरडं. तिने ते क्लाइवच्या सूपाच्या वाडग्याशेजारी ठेवलं.

"स्टॅन, बूट सोड," ती म्हणाली. "वर कुणी नाही."

क्षणभर कुणाला काही उमजलं नाही. क्लाइवला उमजलं.

"ते दुसरं आहे," तो म्हणाला. "तसलंच दुसरं."

मी पुढे झाले. चेनला लाल दोरा होता. "गाठ माझी आहे, क्लाइव. आज सकाळची."

"मॉरीन, तुला यातलं काही कळत नाही, उगाच..."

"घडी घालायला कळतं," मॉरीन म्हणाली. "दर शर्यतीला मीच घालते."

स्टॅन उठून त्याच्यासमोर येऊन उभा राहिला. सगळ्यांना वाटलं, आता एक ठेवून देणार. मला तर आशाच होती. पण स्टॅन हळू आवाजात म्हणाला, "क्लाइव, मला तुझ्या तोंडून ऐकायचंय. वर कुणी आहे का? तू नाही सांगितलंस तर मला जावं लागेल. जॅकेट गाडीत सापडलं म्हणून वर मुलगी नाही, असं मी धरून चालू शकत नाही."

क्लाइव वाडग्यात बघत होता. ओठ हलले.

"मोठ्याने," स्टॅन म्हणाला. "मागे पाववाल्याला ऐकू गेलं पाहिजे."

"नाही कुणी."

स्टॅन बसला आणि बूट काढायला लागला. नाड्या भिजून फुगल्या होत्या, सुटेनात. मॉरीनने कात्री आणून कापल्या.

क्लबाने क्लाइवला कायमचं काढलं. माफी त्याने मागितली नाही. "नियमच अव्यवहारी आहेत" असं शिकवणीच्या गाडीत मुलांना सांगत राहिला, आणि मुलं चाकावरचे हात न हलवता ऐकत राहिली, कारण परीक्षेला कधी बसवायचं ते त्याच्या हातात. आता तो इंटरनेटवर जॅकेटांची परीक्षणं लिहितो. दूरदूरची माणसं त्याला प्रश्न विचारतात, आभार मानतात. एकाने लिहिलं होतं, तुमच्यासारख्या अनुभवी डोंगरी माणसाचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. ते वाचून मी संगणक बंद केला आणि कोंबड्यांना दाणे घालायला गेले. कोंबड्यांना निदान पाऊस कळतो.

मॉरीन त्या प्रकारानंतर लगेच त्याला सोडून गेली नाही. गावाने तशी वाट पाहिली होती. ती गेली दोन हिवाळ्यांनी, आणि भांडण काय, तर तिने बटाटे कसे सोलावेत यावर त्याने तिला "थांब, थांब" म्हटलं. तिने सुरी ठेवली, पिशवी भरली आणि व्हाइटहेवनला बहिणीकडे गेली.

जायच्या आधी मात्र तिने माझ्याबरोबर त्याच दुकानात जाऊन स्वतःसाठी जॅकेट घेतलं. काटा नाही, फुंकर नाही. दुकानदाराच्या मोरीत हात गार पाण्याखाली धरून बधिर केले आणि मग चेन वरखाली ओढून बघितली. टोपी चढवून मान डावी-उजवीकडे फिरवली. हात वर करून पोट उघडं पडतं का पाहिलं.

"बाई, याहून हलकं आहे माझ्याकडे," दुकानदार म्हणाला.

"हलकं आमच्या घरी एक आहे," ती म्हणाली. "हेच द्या."

क्लाइव सगळ्यांना सांगतो, मॉरीनला इथला पाऊस सोसला नाही. व्हाइटहेवनला काय ऊन पडतं? तिथे समुद्रावरून पाऊस सरळ तोंडावर येतो, आणि ती त्यात रोज सकाळी शाळेत जाण्याआधी बंदराच्या धक्क्यावर पळते. मागच्या महिन्यात मी गेले होते. म्हटलं, पळू जरा तिच्याबरोबर. दीपगृहापर्यंत पोचायच्या आत मला धाप लागली, आणि ती पुढून ओरडत होती, "ये गं जॉयस, थांबलीस की गार पडशील!"