कामी आला

दवाखान्याच्या तळघरात रुग्णांच्या चादरी धुऊन-वाळून इस्त्रीला येतात. तिथल्या बायका जिला मास्तरीण म्हणायच्या, तिने उभ्या जन्मात कुणाला शिकवलं नव्हतं. शाळासुद्धा अर्ध्यावर सुटलेली. पण जेवणाच्या सुट्टीत डबा उघडायच्या आधी ती पुस्तक उघडायची आणि मोठ्याने वाचायची. तेवढ्यावर बायकांनी तिला ही पदवी देऊन टाकली. बायकांच्या पदवीला परीक्षा लागत नाही.

वाचायची ती ऐतिहासिक कादंबऱ्या. जाडजूड, पाठीवर चिकटपट्ट्या मारलेल्या, मुखपृष्ठावर घोडा मागच्या पायांवर उभा. वाचनालयवाल्याने एकदा तिला सुचवलं होतं, "बाई, काहीतरी घरगुती न्या की. स्वयंपाकाचं, बाळाच्या संगोपनाचं." तिने पुस्तक काउंटरवर आपटलं. "ही लढाई घरगुती नाही, असं कुणी सांगितलं तुम्हाला?" त्यानंतर तो गपगुमान शिक्का मारायचा.

तळघरात दुपारी वाचलेलं पान संध्याकाळी ती घरी सासूबाईंना वाचून दाखवायची. दुपारचं वाचन ही खरी तयारी असे. कुठल्या पानावर कोण मरतंय ते आधी हेरून ठेवावं लागायचं. कारण संध्याकाळच्या वाचनात कुणीही मरायचं नाही, असा त्या घरातला नियम होता. तो फक्त तिला एकटीला ठाऊक होता.

त्याचं असं झालं होतं.

तिचा नवरा फिटर. गाडीचं इंजिन आवाजावरून ओळखणारा, पण घरात त्याची किंमत शून्य. त्याचा बाप त्याला लहानपणापासून एकच पाढा ऐकवायचा, "तू कामाचा ना धामाचा. कशाच्या कामाचा नाहीस." लढाई लागली तेव्हा फौजेला बंदूकवाल्यांइतकेच पाना चालवणारे हवे होते. हा गेला. जाताना बापाच्या पाया पडला, तर बाप म्हणाला, "जा, तिथे तरी कामी ये कुणाच्या."

मग एके सकाळी छावणीतून एक माणूस दारात आला. टोपी काखेत धरलेली, बूट काढू की नको या विचारात पडलेला. सासरे खिडकीशी दाढी करत होते, एक गाल झालेला, दुसऱ्यावर साबण. सासूबाईंनी दार उघडलं. तो माणूस जमिनीकडे बघत म्हणाला, "माई, तुमचा मुलगा कामी आला."

असलं वाक्य त्याला वरून शिकवून पाठवलेलं असणार. मेला म्हणायला जीभ धजावत नाही, म्हणून असे गुळगुळीत शब्द घडवून ठेवलेत. कामी आला. खर्ची पडला. माणूस आहे की सुतळीचं बंडल?

सासूबाईंना अक्षरओळख नव्हती. त्यांच्या कानांना कामी येणं एकच ठाऊक. जुनं लुगडं गोधडीला कामी येतं, फुटकी बादली झाडाला कामी येते. त्या गर्रकन नवऱ्याकडे वळल्या. चेहरा असा उजळलेला, की सुनेने तो तसा आधी कधी पाहिला नव्हता.

"ऐकलंत का? कामी आला म्हणे! जन्मभर घोकत होतात ना, कशाच्या कामाचा नाही, कशाच्या कामाचा नाही! सरकारचा माणूस घरी येऊन सांगतोय. आता बोला!"

सासऱ्यांना कळलं होतं. हातातला वस्तरा तसाच हवेत. त्यांनी बायकोकडे पाहिलं, दारातल्या माणसाकडे पाहिलं, आणि म्हणाले, "हो. आला कामी."

"बसा हो तुम्ही, उभे का?" सासूबाईंनी त्या माणसाला बसवलं, चहा पाजला. तो बिचारा ओठ भाजत चहा ढोसून पळायच्या बेतात, तर त्याला दारापर्यंत सोडायला गेल्या. "साहेबांना म्हणावं, पोराला असाच कामी येत राहू दे."

सून आतल्या दाराशी उभी होती. पोटात सातवा. सासऱ्यांनी तिच्याकडे बघून, बोलू नकोस म्हणून, एकदाच मान हलवली. त्यांच्या दुसऱ्या गालावरचा साबण वाळून पांढरा पडला, तरी तो गाल त्यांनी त्या दिवशी केला नाही. दुपारी सुनेला हळूच म्हणाले, "पोरी, आयुष्यभर मी त्याला बोललो आणि तिने ऐकून घेतलं. आज तिला जिंकू दे. उद्या सांगू."

ट्रकासकट जळालेला माणूस. आणण्यासारखं काही नव्हतं, म्हणून काही आलंही नाही. उद्याचा परवा झाला, परवाची पोरगी झाली, पोरगी रांगायला लागली आणि सासरे गेले. जाताना ती न सांगितलेली गोष्ट सुनेच्या पदरात टाकून गेले. मग घर बदललं, दवाखान्याजवळ वरच्या मजल्यावरची खोली घेतली. सासूबाईंचे गुडघे धरलेले, जिना उतरणं बंद. बाहेरून कुणी येऊन सांगेल ही भीतीही उरली नाही.

लोकांना वाटेल, सून रोज खोटं बोलत असेल. तशी पाळीच यायची नाही. सासूबाई प्रश्नही स्वतः विचारायच्या आणि उत्तरही स्वतःच द्यायच्या. "एवढ्या वर्षांत एकदा घरी येऊ नये का माणसाने? पण कामाच्या माणसाला सोडतंय कोण! बिनकामाचे असतात ते सुट्टीवर हिंडतात." त्यांनी मुलाचा एक पांढरा सदरा ठेवला होता. दर आठवड्याला तो सुनेच्या हाती द्यायच्या. "कडक इस्त्री कर. आलाच अचानक तर चुरगळलेला घालेल का?" ती तळघरात नेऊन पाणी शिंपडून इस्त्री करायची. कुणी न घातलेला सदरा, पण घडीच्या रेषेवर विरत चालला होता. आणि तळघरात वाफ एवढी असायची, की कुणाचा चेहरा घामाने ओला आहे आणि कुणाचा कशाने, हे शेजारणीलाही कळायचं नाही. तिचं रडणं तेवढंच. तेही उभ्याने, हात चालू ठेवून.

पुस्तकांचं वेड सासूबाईंना तिच्यामुळेच लागलं. आता लढाईचं पुस्तक वाचायचं आणि 'कामी आला' वाचायचं नाही, हे कसं जमावं? दर चार पानांना कुणीतरी कामी येतच असतो. ते शब्द एकदा कानावर पडले, पुढे त्याच्या चितेचं वर्णन आलं, की खेळ खलास. म्हणून मास्तरणीने सगळ्यांनाच जखमी करून टाकलं. भालाईत जखमी झाला, तोफची जखमी झाला, अख्खी तुकडी जखमी झाली.

सासूबाईंची स्मरणशक्ती मात्र खणखणीत. "तो मागच्या पुस्तकातला निशाणवाला, बरा झाला का गं?"

"झाला असेल, आई."

"असेल म्हणजे? बघून सांग. आणि एवढे जखमी, मेलं कुणीच नाही, मग त्यांचा दवाखाना केवढा असेल? त्यांचं हगणंमुतणं कोण करतंय? ते लिहीत नाहीत मेले."

तळघरात हे सांगितलं की बायका हसून लोळायच्या. "मास्तरीण, तुझ्या सासूला आपल्याकडे मुकादम ठेवू या. चादरींचा हिशेब तरी लागेल."

मास्तरीणही हसायची. हसता हसता चादरीची दोन टोकं धरायची. मोठ्या चादरीची घडी एकटीने होत नाही, समोर कुणीतरी उभं लागतं.

थंडीत तिचा घसा बसला. वाफेतून गार हवेत आणि गार हवेतून वाफेत, असं होऊन साफच बसला. आवाज म्हणून फुस्स एवढंच. संध्याकाळी तिने खुणेने सांगितलं, आज वाचन नाही.

"नाही कसं?" सासूबाई उखडल्या. "भालाईत बुरुजावर चढतोय, त्याला तसाच लोंबकळत ठेवू? चिमणे, तू वाच गं. तुझ्या आईचं नाटक असतंच."

चिमणी म्हणजे नात. नववीतली, जिभेने तिखट. बाप नाही हे तिला आईने केव्हाच सांगितलं होतं आणि आजीसमोर तो विषय काढायचा नाही, हेही बजावलं होतं. ती ते पाळायची. पण पुस्तकातल्या भालाईताचा आणि आपल्या बापाचा संबंध काय, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिने पुस्तक घेतलं आणि घडाघडा वाचायला लागली.

मास्तरणीने दुपारीच ते पान वाचलं होतं. पान उलटलं की चौथी ओळ. ती उठली, पोरीसमोर हात हलवले.

"काय गं? पाणी हवंय? माठात आहे."

तिने नाही म्हणून मान हलवली, पुस्तकाकडे बोट केलं, मग ओढलंच. पोरगी चिडली. "आई, वाचू दे ना! घसा बसलाय तर गप बस की!"

"बस गं बाजूला," सासूबाईही म्हणाल्या. "रंगात आलंय."

आणि पोरीने पान उलटलं. "...तट फुटला. निशाण वर चढलं. पण पहिला पाय ज्याने रोवला, तो भालाईत तिथेच कामी आला."

सासूबाईंनी मांडीवर थाप मारली. "वा! माझ्या लेकासारखा. मग? पुढे काय केलं त्याने?"

"पुढे काय करणार? मेला ना तो."

"अगं, कामी आला म्हणालीस ना?"

"तेच ते, आजी. शाळेत शिकवलंय आम्हाला. लढाईत कामी आला म्हणजे लढाईत..."

पोरीच्या तोंडातलं वाक्य तोंडातच राहिलं. तिने आईकडे पाहिलं. आई भिंतीला टेकून उभी होती, डोळे मिटून. तेव्हा कुठे पोरीच्या डोक्यात प्रकाश पडला आणि तिने पुस्तक असं मांडीत दाबून धरलं, जणू आता बंद केल्याने काही वाचणार होतं.

खालच्या रस्त्यावर कुणीतरी शटर ओढलं.

"मी त्याला चहा पाजला," सासूबाई म्हणाल्या. "वर साहेबांना निरोप दिला. असाच कामी येत राहू दे म्हणून."

त्या सुनेकडे वळल्या.

"यांना कळलं होतं?"

मास्तरणीने मान हलवली. हो.

"तुला?"

हो.

"आणि मी मूर्ख. सगळ्या गावाला छाती काढून सांगत बसले." आवाज चढला, फाटला. "मेला म्हणायला काय झालं होतं रे त्या मुडद्याला? एवढासा शब्द! माझं पोर मेलं ते मेलं, वर मला फसवून मेलं!" त्यांनी उशी भिरकावली, ती माठावर जाऊन आदळली. मग जो हंबरडा फोडला, तो इतक्या वर्षांचा शिळा होता, तरी शेजारच्या खोलीतली माणसं दारात जमली. पोरीने दार लावून घेतलं.

बऱ्याच वेळाने शांत झाल्यावर त्यांनी सुनेकडे नीट पाहिलं. पोटात सातवा असताना दाराशी उभी राहिलेली पोर त्यांना बहुधा आत्ता दिसली.

"मग तू रडलीस कुठे?"

मास्तरणीच्या घशातून एकच फुस्स निघालं. "वाफेत."

सासूबाईंनी डोळे पुसले, नाक शिंकरलं. "चिमणे, पुढे वाच."

"आजी, राहू दे ना."

"वाच म्हणते ना. त्या भालाईताच्या घरी काय झालं ते बघ."

पोरीने पान चाळलं. पुढचं, त्याच्या पुढचं. "घरचं काही नाही गं. विजयाचा दरबार आहे. मग घोड्यांचं वर्णन."

"नीट बघ. आई असेल त्याची. बायको असेल."

"'त्याच्या घरी आकांत झाला.' एवढंच आहे. एक ओळ."

"आणि घोडे?"

"दोन पानं. नावांसकट."

"घोड्यांची नावं आठवली लिहिणाऱ्याला!" सासूबाईंचा तो राग पाहून पोरीला बरं वाटलं. ओळखीची आजी परत आली होती. "आणि आईला एका ओळीत गुंडाळलं? भरलं त्याचं पोट?"

दुसऱ्या दिवशी मास्तरीण कामावर निघाली तेव्हा सासूबाईंनी सदरा दिला नाही. पेटीतून काढला, उलगडला, खिडकीच्या उजेडात धरला. घडीच्या रेषांवरून आरपार दिसत होतं. "याला आता इस्त्री नको," म्हणाल्या आणि स्वतःच्या खांद्यांवर घेऊन बसल्या. संध्याकाळी ती परतली तेव्हाही तो तसाच खांद्यावर, पार चुरगळलेला.

घसा हळूहळू मोकळा झाला. मास्तरीण पुन्हा वाचायला लागली, आता एकही शब्द न बदलता. पुस्तकात कुणी कामी आला की सासूबाई हात वर करायच्या. "थांब. मेला म्हण."

"मेला," मास्तरीण म्हणायची.

"या घरात बादल्या कामी येतात. माणसं मरतात. हं, आता त्याच्या घरी चल."

आणि पुस्तक मांडीवर पालथं घालून त्या भालाईताच्या आईचं सांगायला लागायच्या. ती कशी जिना चढणारं प्रत्येक पाऊल मोजायची. शेजारणीला लेकाच्या बढाया कशा मारायची आणि शेजारीण तोंड का फिरवते, हे तिला कसं कळायचं नाही. त्याच्या वाटणीचा गुळाचा खडा डब्यात कसा पाघळून गेला. मास्तरीण दुसऱ्या दिवशी हे तळघरात सांगायची. इस्त्रीवरच्या बायकांचे हात थांबायचे. त्यातल्या कुणाचा भाऊ गेलेला, कुणाचा दीर. "हे पुस्तकात आहे होय?" त्या विचारायच्या. "नाही," ती म्हणायची, "पुस्तकात घोडे आहेत."

पण एक दिवस सासूबाई मधेच अडल्या. भालाईताच्या आईचं सगळं सांगून झालं होतं. समोर सून बसलेली, मांडीवर चादरीच्या घड्या घालून घालून राठ झालेले हात.

"आणि त्याची बायको?" पोरीने विचारलं. "तिचं काय झालं, आजी?"

सासूबाईंनी सदऱ्याची बाही सारखी केली. "ते मला कुठे ठाऊक? मी कधी विचारलंच नाही." मग सुनेच्या हातातलं पुस्तक काढून घेतलं आणि बाजूला ठेवलं.

"ते तू सांग, बाई. सावकाश सांग. आज काम नाही कुणाला."

मास्तरणीने हात पदराला पुसले. आवाज पुरता परतलेला नव्हता, जरा घोगराच होता.

"ती दाराशी उभी होती," तिने सुरुवात केली. "तिच्या सासऱ्यांच्या एका गालावर साबण होता..."