रोवलेला दगड

माझा स्वभाव तापट आहे, हे मला माहेरी, सासरी आणि शिक्षण खात्यात सगळ्यांनी सांगून झालंय. पेठ तालुक्यातल्या त्या पाड्यावर माझी बदली झाली तीही याच स्वभावामुळे, असं आमच्या घरी अजून म्हणतात. केंद्राच्या बैठकीत मी साहेबांना काहीतरी बोलले होते. काय बोलले ते आठवत नाही, पण बरोबरच बोलले असणार.

नाशिकला गंगापूर रोडवर भाड्याच्या दोन खोल्या, सकाळची पहिली एसटी, फाट्यावर उतरायचं आणि तिथून ओढा ओलांडून, टेकडी चढून पाड्यावर. गाडी जाईल असा रस्ता नव्हता. पहिला महिना मी रोज चिडत चालले. मग पाय सरावले आणि चिडायला दुसरी कारणं मिळाली.

त्यातलं एक कारण तिसरीत होतं. खिडकीखाली, भिंतीला टेकून बसायची ही पोर. पाटीवर पाढे लिही म्हटलं की खेकडे काढायची. मी ओरडले की पाटी पुसायची आणि पुन्हा खेकडाच काढायची, फक्त जरा लहान. मला हसू दाबावं लागायचं आणि म्हणून आणखी जोरात ओरडावं लागायचं.

एका श्रावणात आईबरोबर भाताच्या खाचरात तण काढताना तिला साप चावला. चादरीची झोळी बांबूला बांधून माणसं तिला फाट्याकडे पळवत घेऊन निघाली. मी शाळा तशीच टाकून मागे धावले. ओढ्याला पूर होता. पाणी उतरायची वाट बघत आम्ही काठावर उभे राहिलो. पाणी उतरलं तेव्हा घाई करण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

लहान म्हणून तिला जाळलं नाही. त्याच खाचराच्या बांधावर पुरलं आणि वर गुडघ्याएवढा दगड उभा रोवला. त्या पाड्यावर तशी रीतच आहे. गेलेल्या माणसासाठी दगड रोवला की ते माणूस तिथं बसलं, असं समजतात. दिवाळीच्या सुमारास नवा भात निघाला की पहिला घास त्या दगडापुढं ठेवतात, मग घरात जेवतात. आणि एकदा रोवलेला दगड कोणी उपटत नाही. कोणाचाच नाही. वैऱ्याच्या बापाचा असला तरी नाही.

आमच्या घरी आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या वर्षी देव्हारा उचलून गोदावरीत सोडला. तेव्हापासून आम्ही दगडाला हात जोडत नाही. मी तिथंही जोडले नाहीत. पण पोरीची आई शेतावर जाता-येता त्या दगडापाशी थांबायची. "पाऊस आला गं," म्हणायची, "बकरी व्याली गं." तेव्हा मी सोबत असले तर चपला काढून उभी राहायची. एवढं मला जमत होतं.

पुढं शाळेत मुलांसाठी खिचडी शिजू लागली आणि ते काम पोरीच्या आईकडे आलं. ती मला बाई म्हणायची, मी तिला ताई. खिचडीत मीठ कमी पडलं की मी बोलायची, आणि ती चुलीपुढून न उठता म्हणायची, "बाईंच्या बोलन्यात हाय तेवढं पुरं." माझ्याशी असं बोलायची हिंमत साहेबांतसुद्धा नव्हती.

मग मोजणीवाले आले. गुजरातकडे जाणारा मोठा महामार्ग होणार होता. जुना रस्ता घाटातून वळणं घेत जातो, नवा सरळ काढायचा होता. सरळ म्हणजे पाड्याच्या खालून, जिथं तेवढीच काय ती सपाट जमीन होती. सगळ्यांची भाताची खाचरं तिथंच. बाकी सगळा उतार, त्यावर नागली नि वरई. पाड्यानं मोजणीवाल्यांना पाणी दिलं, कोरा चहा दिला. त्यांनी दुर्बीण लावली, टेप ओढली आणि दोन्ही कडांनी दगड रोवत गेले. अंगाला चुना, डोक्याला लाल रंग. ते गेल्यावर ताई बांधावर जाऊन बघून आली. पोरीचा दगड दोन्ही रांगांच्या बरोबर मध्ये आला होता.

त्या रविवारी शाळेच्या पडवीत पहिली बैठक झाली. शाळेची किल्ली माझ्याकडे होती, म्हणून म्हणा, किंवा मला गप्प बसता येत नाही म्हणून म्हणा, बोलावणारी मीच होते. केंद्रप्रमुखांनी निरोप पाठवला, "नोकरी सांभाळा." मी उलट निरोप पाठवला, "तीच सांभाळतेय, माझे विद्यार्थी इथंच राहतात." आसपासच्या पाड्यांवरची माणसं येऊ लागली. नाशिकचा एक तरुण वकील फी न घेता आमच्यासाठी कोर्टात उभा राहिला. रस्ता नको असं आमचं म्हणणंच नव्हतं. जुन्या रस्त्याच्या अंगानं माळ पडलेला आहे, तिथून न्या, खाचरं सोडा. इतकी साधी मागणी घेऊन आम्ही टेम्पोत बसून कलेक्टर कचेरीवर मोर्चा नेला. बायकांनी घोषणा पाठ केल्या होत्या, पण नाशिकच्या रहदारीत त्यांचा आवाज त्यांनाच ऐकू येईना. मी पुढं होऊन ओरडले. वर्गात ओरडायची सवय त्या दिवशी कामाला आली.

आत ज्या अधिकाऱ्यानं आम्हाला बसवलं तो वाईट नव्हता. वाईट असता तर मला सोपं गेलं असतं. त्यानं सगळं ऐकलं. ताईनं पोरीचं सांगितलं, साप, झोळी, ओढा, सगळं. तो अगदी मनापासून म्हणाला, "ताई, म्हणूनच रस्ता हवा ना. रस्ता असता तर तुमची मुलगी वाचली असती."

खरंच होतं ते.

ताई म्हणाली, "तवा नाय आला, साहेब. आता आला तं तिच्या अंगावरूनच."

त्यानं मान खाली घातली. आमचं म्हणणं वर कळवतो म्हणाला. कळवलंही असेल.

उन्हाळा लागला तसा वकील धावत पाड्यावर आला. कोर्टात तारीख लांबली होती. त्याचा हिशेब सरळ होता. मोजणीचे दगड नाहीसे झाले तर पुन्हा मोजणी, तोवर पाऊस, म्हणजे पुढच्या वर्षापर्यंत काम सुरू होत नाही आणि आपल्याला कोर्टात उभं राहायला वेळ मिळतो. "सगळ्यांनी मिळून उपटा," तो म्हणाला, "कोणा एकट्यावर येणार नाही." पडवीत माणसं माना हलवत होती. मला वाटलं, ठरलं.

दुसऱ्या दिवशी येऊन बघते तो सगळे दगड जागच्या जागी. त्याच्या पुढच्या दिवशीही तसेच. माझं डोकं फिरलं. पाड्यातला सगळ्यात वडीलधारा बाबा दारात बसला होता, त्याला मी विचारलं, "जमीन तुमची जातेय की माझी?"

"रोवलेला दगड हाय, बाई," तो म्हणाला. "आमाला उपटता नाय येत."

"अहो बाबा, ते काय कुणाच्या नावाचे आहेत? सरकारनं लावलेत!"

"कोनाचे हायेत ते ठावं नाय, म्हनून तं आनखी भ्या वाटतं."

मग मी आणि वकील उपटतो, असं मी म्हटलं. मला कसलीच भीती नव्हती. मी पहार घेऊन निघालेसुद्धा. ताई आडवी आली. "तुमाला नाय लागनार, बाई. तुमी नाशिकला जाल. आमाला लागंल." मग हळूच म्हणाली, "आज त्यांचा उपटला तं उद्या माझ्या पोरीचा उपटाया कोनाला काय वाटंल?"

मी पहार टाकली. वकील कपाळाला हात लावून बसला. त्याचा राग मी समजू शकत होते, माझाही होता. पण ज्या गोष्टीसाठी ही माणसं भांडत होती, तिच्यापायीच त्यांचा हात अडला होता.

आम्ही मग नुसतेच बसलो. बांधावर पाळ्या लावून, घोंगड्या पांघरून बसलो. भाताची आवणी आली तेव्हा ज्या घराची पाळी असेल त्याचं शेत बाकीच्यांनी लावलं. पुढं त्या खाचरांत भात असा उभा राहिला की बघत राहावं. पण दिवाळी झाली, भात निघाला आणि दरवर्षीप्रमाणे घरं रिकामी व्हायला लागली. दिंडोरीकडच्या बागांत द्राक्षाची कामं निघाली होती. जी माणसं गेली त्यांना मी कोणत्या तोंडानं थांबवणार होते? भात पुरतो तो काही महिने. पुढं पोट बागेवरच. कोर्टानं आमचं ऐकलं आणि रस्त्याचं काम थांबवायचं कारण दिसत नाही असं सांगितलं. बांधावर शेवटी म्हातारी माणसं, ताई आणि शाळा सुटल्यावर मी एवढेच उरलो. पोलीस आले तेव्हा आम्हाला उचलायला त्यांना दुसरी गाडीसुद्धा लागली नाही.

मशीन चालू झाली. पाड्यात राहिलेले काही पुरुष मुकादमानं मजुरीवर घेतले. मला फार वाईट वाटलं, पण त्यांना बोलावंसं वाटलं नाही. मला, म्हणजे मला.

त्याच आठवड्यात ताईनं खिचडीचं पातेलं घासता घासता विचारलं, "बाई, स्वातंत्र्यदिनाला शाळा रंगवली तवाचा चुना हाय का उरलेला? नि जरा गेरू?" म्हटलं, घर रंगवणार असेल. दिला.

संध्याकाळी फाट्याकडे निघाले तेव्हा बांधाकडं बघितलं आणि थांबले. पोरीचा दगड पांढरा झाला होता. डोक्याला लाल. ताईच्या ध्यानात आलं होतं की मशीन सगळं खरवडते, झाडं पाडते, पण चुन्याच्या दगडांना धक्का लावत नाही, त्यांना वळसा घालते. मोजणीचा दगड उपटायची जिची छाती झाली नाही, तिनं आपली पोर मोजणीच्या दगडांत नेऊन बसवली होती. मला हसू आलं. पोर पाटीवरचा खेकडा लहान करून पुन्हा काढायची तेव्हा यायचं तसं. आणि मग तिथंच वाटेत बसून मी रडले.

खरंच चार-सहा दिवस मशीन त्याला वळसा घालत राहिली. भोवतालची माती गेली, बांध गेला, मध्ये तेवढा मातीचा उंचवटा आणि त्यावर तो दगड. मजुरीवर असलेले पाड्यातले पुरुष येता-जाता तिकडं बघायचे. मग साइटवरचा साहेब टेप घेऊन आला. रांगेत नसलेला दगड बघून त्यानं विचारलं, "हा इथं कोणी लावला?" कोणी बोललं नाही. "काढा," तो म्हणाला. कोणी हललं नाही. मजुरी कापीन म्हणाला. तरी पुरुष फावडी टेकून तसेच उभे. शेवटी त्यानं मशीनवाल्याला हात केला. तो परमुलखातला, त्याला काय माहीत. त्यानं दात्यांनी दगड अलगद उचलला आणि बाजूला ठेवला. अलगद उचलला, हे मी त्याच्या बाजूनं सांगते. मी ताईचा हात धरून उभी होते. तिनं हात सोडवून घेतला नाही.

ते गेल्यावर तिनं दगड डोक्यावर घेतला आणि शाळेत आणला. पुन्हा कुठं रोवशील, मी विचारलं. घरामागं जागा आहे, ती म्हणाली, पण उपटलेला दगड पुन्हा रोवत नाहीत. वर्गात गेली, खिडकीखाली, भिंतीलगत पोर बसायची त्या जागी तिनं दगड आडवा ठेवला. पदरानं वरची माती पुसली.

"निजली म्हना," ती म्हणाली.

त्या जागी मी पुन्हा कोणाला बसवलं नाही. मुलंही आपण होऊन बसली नाहीत.

महामार्ग झाला. उंच भरावावरून जातो. पाड्यापाशी थांबा नाही, चढायला-उतरायला वाटही नाही. आजारी माणसाला अजून फाट्यावरच न्यावं लागतं, फक्त आता ट्रकांच्या कडेनं. पुढं माझी बदली पेठला झाली आणि मी रोज त्याच रस्त्यानं एसटीत बसून जाऊ लागले. एसटी भरावावर चढली की मी खिडकीबाहेर बघत नाही. दगड निघाला, पण पोर तिथंच आहे. तिला कोणी हलवलं नाही.

माझी आई देव, अंगारे, नवस काही म्हणता काही मानत नसे. एकच गोष्ट मानायची. निजलेल्या पोराला कोणी ओलांडलं की घरात जिथं असेल तिथून ओरडायची, "वाढ खुंटेल लेकराची! परत फीर, उलटं ओलांड!" आणि ओलांडणाऱ्याला परत यावंच लागायचं.

पावसाळ्यात पेठच्या शाळेतल्या बाया म्हणतात, रस्ता खराब झालाय, आजच्या दिवस मुक्काम करा. सकाळी जाताना मी तिला ओलांडून आलेली असते. मी राहत नाही. शेवटची एसटी पकडते आणि परत येते.