न उठलेला मास्तर

परभणीच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, मानवतचा एक ओळखीचा आडत्या भेटला. बोलता बोलता म्हणाला, "तुमचा तो न उठलेला मास्तर गेला की. तुमाला कळलं न्हाई?" माणिकचं नाव त्याला आठवलं नाही. न उठलेला, एवढं मात्र बरोबर लक्षात होतं. ती माझीच करणी.

माणिक आणि मी मानवतच्या सरकारी शाळेत एकाच वर्षी लागलो. तो हिशेब शिकवायचा, मी फारसी आणि इतिहास. सडपातळ, हळू बोलणारा आणि दरवर्षी थोडा थोडा काळवंडत चाललेला माणूस. खिशात कागदाची पुडी असायची, तिच्यात खडेमीठ. दोन तासांच्या मधे एखादा खडा जिभेवर ठेवायचा. "सरकारच्या मिठाला जागणारा असा एकच नोकर," असं मी म्हणायचो आणि मास्तरांच्या खोलीत हशा व्हायचा. तोही हसायचा. बाकावरून उठताना आधी टेबलाची कड धरायचा, डोळे मिटायचा, मग उठायचा. त्याचीही मी नक्कल करून दाखवायचो. ती चांगली जमायची.

निजामी संपायच्या दोनेक वर्षं आधी निजामांच्या सालगिरहचा, म्हणजे वाढदिवसाचा, समारंभ शाळेच्या पटांगणात होता. पाथरीहून तहसीलदार येणार होते आणि मोठी माणसं वेळेवर आली तर मोठी कसली? ऊन चढेपर्यंत आम्ही बाकांवर बसून. शेवटी ते आले, बाजा वाजला, हुजुरांच्या दीर्घायुष्याची दुआ सुरू झाली आणि सगळे उठले. माणिकही उठला. मी त्याच्या उजव्या हाताला होतो. त्याच्या कपाळावर घाम आला, ओठ पांढरे पडले आणि तो खाली बसला. बसला म्हणजे गुडघ्यांनीच त्याला सोडलं. दुआ संपेपर्यंत तो मान खाली घालून तसाच राहिला.

संध्याकाळी चहाच्या दुकानात कुणी तरी विचारलं, माणिक मास्तर उठले नाहीत म्हणे? मला शाही थाटाचा पहिल्यापासून तिटकारा. पण नोकरी असल्यामुळे तो तिटकारा मी पुस्तकांच्या समासात लिहीत असे. इथे आयती संधी होती. मी नुसतं हसलो आणि म्हणालो, "काही माणसांचे गुडघे स्वाभिमानी असतात." आठ दिवसांत हे वाक्य पाथरीपर्यंत गेलं...

माणिक घरी आला. "अरे, मला अंधारी आली होती. तू बघितलंस ना?"

"बघितलं."

"मग लोकांना तसं सांग की. लोक पाया पडायलेत माझ्या. लय अवघड झालंय."

मी म्हणालो, राहू दे, गावाला कधी नव्हे तो एक शूर माणूस मिळालाय.

मग पाथरीच्या कचेरीतून जबाब मागवला गेला. चक्कर आली असं त्याने लिहिलं आणि साक्षीदार म्हणून माझं नाव दिलं. माझ्यापुढे कागद आला. दुकानात मी त्याला शूर केलं होतं. कागदावर त्याला आजारी म्हणायला हवं होतं. पण बंडखोर म्हणून जो गाजलाय त्याची बाजू घेतली तर आपलीही चौकशी होईल, या भीतीने मी लिहिलं : माझं तिकडे लक्ष नव्हतं. चार शब्द. फारसी शिकवणाऱ्या माणसाने इतकं नेमकं क्वचितच लिहिलं असेल.

तो नोकरीतून निलंबित झाला. पुढे दीड वर्ष त्याला पाथरीला बोलावत. व्हरांड्यात बसायला काही नसे, तासन् तास उभं राहावं लागे. दोनदा तो तिथेच कोसळला. शिपाई म्हणाले, ढोंग करायलाय.

शेवटी मी त्याला हैदराबादेला एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आधी झोपवून, मग उभं करून रक्ताचा दाब पाहिला. तळहाताच्या काळ्या पडलेल्या रेषा पाहिल्या, मिठाबद्दल विचारलं. मग मला बाहेर बोलावून म्हणाले, मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन लहान ग्रंथी असतात, त्या याच्या सुकत चालल्या असाव्यात. त्यांच्या रसावाचून अंगातलं मीठ टिकत नाही, उभं राहिलं की रक्त डोक्यापर्यंत पोचत नाही. भीती, काळजी, दगदग आली की धडधाकट माणसाच्या ग्रंथी जास्त रस सोडतात. याच्याकडे सोडायला उरलेलाच नाही. "यांना कसला घोर लागलाय का?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, नोकरीचा थोडा त्रास आहे.

थोडा.

राज्य बदललं, चौकशी विरून गेली आणि महिन्याभरात माणिकही. तोवर मी परभणीला राहायला गेलो होतो; तो गेल्याचं त्या आडत्याकडूनच कळलं. मानवतला शोकसभा झाली. सालगिरहच्या दुआला त्या पटांगणात पुढच्या रांगेत असलेले दोघे व्यासपीठावर होते. "ते वीर उठले नाहीत," असं म्हणून त्यांनी सर्वांना दोन मिनिटं उभं केलं. नंतर मला बोलायला सांगितलं. मी त्याच्या हिशेबावरच्या हुकमतीबद्दल बोललो आणि खाली बसलो.

तिथून त्याच्या घरी गेलो. वहिनी म्हणाल्या, "भावजी, शेवटी शेवटी लोक बघायला यायचे. हे प्रत्येकाला उठून नमस्कार करायचे, अन् मग घटकाभर पडून राहायचे. मी म्हणायची, बसून करा की. तर म्हणायचे, बसून केला तर हेबी गावभर सांगतील."

त्या हसल्या नाहीत, मीही नाही. मग म्हणाल्या, "तुमी लिहिता ना पेपरात? मग तेवढं खरं लिहा."

ते हे लिहिलं. उशिरा लिहिलं. ज्याला उपयोग झाला असता तो आता नाही.

तेराव्याला पुन्हा गेलो, तेव्हा घर सारवलेलं होतं. खाटेजवळच्या भिंतीवर मात्र वीतभर जागा तशीच सोडली होती. उठताना तो तिथे हात टेकायचा, त्याचा तेलकट काळा ठसा होता. माझी नजर गेलेली पाहून वहिनींनी पदर सावरला आणि चहा ठेवायला आत गेल्या. मी खाटेवरून उठलो. त्या ठशावर हात टेकायचा धीर झाला नाही.