नोरीनच्या वजनाची वाळू

बेकर्सफील्डच्या अंगाला, ऑइलडेलमध्ये, कुणाची हॉट रॉड रस्ता सोडून एका बाजूला ओढायला लागली, की ती व्हर्लिन स्ट्राउडच्या शेडमध्ये यायची. जुन्या फोर्ड गाड्या कापूनकुपून, आत दांडगं इंजिन बसवून पळवणारी ही मंडळी. इंजिनावर जीव ओवाळून टाकतील, पण पुढची चाकं सरळ करायची म्हटलं की हात वर. ते काम व्हर्लिनचं. त्याचा एक नियम होता: गाडी ज्याची, तो आत बसल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही. हलकी गाडी माणसाच्या भारानं एका अंगाला दबते आणि चाकांची ठेवण बदलते. मालक येऊ शकत नसला, तर त्याच्या वजनाची वाळू पोत्यात भरून सीटवर ठेवायची.

गावाच्या गाड्या अशा सरळ धावत होत्या, आणि बायकोची चौतीस सालची दोन दारांची कूप मात्र वर्षानुवर्षं ठोकळ्यांवर चढवलेली. नोरीनला ती स्वतः चालवत, व्हर्लिनला शेजारी बसवून, नदीच्या कडेकडेनं इसाबेला तळ्यापर्यंत न्यायची होती. बस, एवढंच. घोडं पेंड खात होतं ते मागच्या ॲक्सलपाशी, दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्यापाशी. व्हर्लिनला हवा होता अठ्ठावन्न सालच्या स्टेशन वॅगनचा, मुळातच अरुंद असलेला. रुंद ॲक्सल कापून बसवला असता, तर आठवड्यात गाडी रस्त्यावर आली असती. लोकांना त्यानंच तसे कितीतरी बसवून दिले होते. पण "नोरीनच्या गाडीला कापलेला नाही," म्हणजे नाही. असल्या प्रेमाचा राग येतो, खरं सांगायचं तर.

मग नोरीनला कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी आशा ठेवली नाही, आणि व्हर्लिन रोज भंगाराची आवारं पालथी घालू लागला. शेवटी टेहाचपीहून लॉनी पिकेटचा फोन आला. लॉनी भंगारवाला, आणि त्याचा जुना दोस्त.

"अरे रडतराऊ, तुझी वॅगन आली बघ. पुढून पापड झालाय, पण मागून कुमारिका आहे!"

ॲक्सल बसला. उरलं ते अलाइनमेंट, चाकं सरळ लावणं. नोरीन झग्यावरच त्याचं जाकीट घालून आली आणि स्टिअरिंगमागे बसली. दंडांच्या नुसत्या काड्या झाल्या होत्या. मिल्कशेकसुद्धा तिला अर्धाच जायचा. व्हर्लिननं वाळूचं एक छोटं पोतं उचललं आणि तिच्या पायांशी ठेवलं.

"ही कोण बया?" नोरीन म्हणाली.

"तूच. बरी झाल्यावरची."

"मी इथं बसलेय की. काढ ते."

"अगं, भरशील अंगानं. मग पुन्हा सगळं खोलत बसायचं का?"

"म्हाताऱ्या, मी आत्ता जेवढी आहे ना, तेवढी धर मला."

व्हर्लिननं ऐकलं नाही. ते पोतं काढायचं म्हणजे ती आता भरणार नाही, हे आपल्याच हातानं मान्य करायचं. ते त्याच्या जिवावर आलं. ज्या माणसानं जन्मभर कुणाचं वजन पावशेरानं चुकू दिलं नाही, त्यानं बायकोचं मुद्दाम चुकवलं. चाकं लावून झाल्यावर पोतं बाहेर ठेवलं आणि तो तिच्या शेजारी बसला.

नोरीननं गाडी बाहेर काढली. तोंडभर हसली. कोपऱ्याच्या पेट्रोल पंपापर्यंत हसतच होती. पण पोत्याविना गाडी उजवीकडे ओढत होती. एरवी कुणीही एका हातानं सावरली असती. तिनं दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून पाहिलं, ओठ चावले, आणि मग गाडी कडेला घेऊन थांबवली.

"नाही रे जमत," ती म्हणाली. "हात भरून आले."

"उद्या पोत्याशिवाय पुन्हा लावतो. उद्या नक्की."

परत येताना गाडी त्यानं चालवली. दुसऱ्या दिवशी नोरीनला पलंगावरून उठता आलं नाही, आणि त्यानंतर ती उठलीच नाही.

दफन झालं, शेजाऱ्यांनी आणलेलं जेवणखाण संपलं. मग व्हर्लिननं घरी येणाऱ्या नर्सला फोन करून नोरीनचं शेवटचं वजन विचारलं, आणि तेवढी वाळू मोजून भरली. लॉनीला बोलावलं. पोतं स्टिअरिंगमागच्या सीटवर ठेवून तो स्वतः शेजारी बसला.

"आज पाना तू धर," तो म्हणाला. "जाणार होतो ते आम्ही दोघं."

व्हर्लिन आतून सांगत गेला, लॉनी खाली पडून फिरवत गेला. कुठं अर्धा फेरा, कुठं त्याहून कमी. शेवटी लॉनी उठला, हात पुसले.

"झाली रे सरळ. केसभर इकडे नाही की तिकडे." मग न राहवून म्हणाला, "पण व्हर्लिन, आता चालवणार कोण?"

व्हर्लिननं पोत्याला हात लावला. ते सीटवर जेमतेम एखाद्या लहान मुलीएवढं दिसत होतं.

"एवढीशीच तर होती," तो म्हणाला, आणि लहान पोरासारखा रडायला लागला.