दीपेशच्या हातातली शिशाची गोळी

मिरकरवाडा बंदरावर जाळी सांधणारे पुष्कळ, पण सदू भाटकरचे हात सगळ्यांना ठाऊक होते. जाळ्याच्या तळाला लावायची शिशाची गोळी तो मुठीत धरायचा, मूठ उघडली की गोळी गायब. मग ती कुणाच्या खिशातून, नाहीतर एखाद्या म्हातारीच्या अंबाड्यातून काढायचा. हळद असो नाहीतर साखरपुडा, जेवणं आटोपली की कुणीतरी म्हणायचंच, "सदूला बोलवा रे." सदू थोडे आढेवेढे घ्यायचा आणि उठायचा. तीस वर्षं हे असंच चाललं होतं.

दीपेश पावसकर त्याच्या शेजारी बसून जाळी सांधायचा. वयाने पंधरा वर्षांनी लहान. सदूने त्याला शिकवलं म्हणावं तर शिकवलं नव्हतं, बघू दिलं होतं एवढंच. दीपेशच्या हातातून गोळी सारखी पडायची आणि सदूला ते मनातून बरं वाटायचं.

गेल्या फेब्रुवारीत दीपेशच्या मुलीने, दिशाने, बापाच्या हातांचा व्हिडिओ काढला. अगदी जवळून. नुसते दोन हात, गोळी आणि मागे धक्क्याला लागलेल्या होड्या. मूठ मिटते, बोटं एकेक करून उघडतात, हात उलटा होतो, सुलटा होतो, गोळी कुठेच नाही. आठ दिवसांत तो व्हिडिओ दोन लाख लोकांनी बघितला. चिपळूणच्या एका शाळेने दीपेशला बोलावलं, दापोलीच्या पोरांनी गॅदरिंगला नेलं. मग वाडीतल्या एका हळदीला, जेवणं झाल्यावर, कुणीतरी म्हणालं, "दीपेशला बोलवा रे." सदू तिथेच बसला होता. हात धुवायला म्हणून उठला तो थेट घरी आला.

त्या दिवसापासून त्याने एकच धरलं. "कॅमेऱ्याची करामत हाय ती. मधला तुकडा कापायचा नि पुढचा जोडायचा. हात कुठला आलाय त्यात?"

बायकोच्या, गुणवंतीच्या, फोनवर तो व्हिडिओ लावून घ्यायचा. पुन्हा लाव, हळू लाव, थांबव. गुणवंती कंटाळली. म्हणाली, "अहो, मासे चुलीवर करपतायत. बघून बघून काय मिळणार हाय तुम्हाला?" पण एक दिवस त्याला मिळालं. मागे होडीच्या काठावर एक कावळा बसला होता. दीपेशची मूठ मिटते तेव्हा कावळा होता. मूठ उघडायला लागली तेव्हा नव्हता. सदूने तेवढाच भाग वीस वेळा बघितला. त्या रात्री तो कितीतरी दिवसांनी पोटभर जेवला.

दुसऱ्या दिवशी बंदरभर झालं. जो भेटेल त्याला सदू फोन दाखवायचा. "हा कावळा बघ. आता बघ. गेला कुठे? इथेच कापलाय." लोकांनाही ते पटलं. दीपेश दिसला की पोरं काव काव करायला लागली. दीपेश मान खाली घालून जाळी सांधत राहिला, पण दिशा कॉलेजला जाताना धक्क्यावरचा रस्ता सोडून लांबून जायला लागली. सदूच्या ते ध्यानात आलं. त्याला जरा चुटपुट लागली, पण फार नाही.

जूनमध्ये मासेमारी बंद झाली, होड्या वर ओढल्या गेल्या. आता सगळे दिवसभर शेडमध्ये जाळी घेऊन बसायचे. तिथे चहा घेऊन येणारी दर्शना एकदा सरळच म्हणाली, "कावळ्याचं काय लावलंय कधीचं? हा बसलाय समोर. करून दाखवू दे की."

सगळे सरकून बसले. सदू मुद्दाम सगळ्यांत पुढे, दीपेशच्या गुडघ्याला गुडघा लावून बसला. दीपेशने गोळी उचलली. मूठ मिटली, हात फिरवला आणि गोळी टक्कन फरशीवर पडली. लोक हसले. दुसऱ्यांदाही पडली. सदूला मनातून गार वाटत होतं.

तिसऱ्यांदा गोळी पडली नाही. बोटं एकेक करून उघडली. हात उलटा झाला, सुलटा झाला. सदूची नजर क्षणभरही हलली नव्हती, आणि तरी त्याला काही दिसलं नाही. ही त्याची रीत नव्हती. सदू गोळी तळव्यात दाबून ठेवायचा. दीपेशने ती बोटांच्या पाठीमागे कुठेतरी नेली असणार, आणि हात उलटा होताना परत आत घेतली असणार. हे त्याने सदूचं बघून घेतलेलं नव्हतं. हे त्याने स्वतः शोधलं होतं.

"व्हिडिओत काय कापलेलं नाय," दीपेश म्हणाला. "पण पडलेल्या वेळा मी दाखवीत नाय, ते खरं. त्या एकासाठी साठ-सत्तर वेळा तरी गोळी पडली असेल. दिशा म्हणाली, बाबा, कावळा उडाला, परत करू. मी म्हटलं, राहू दे, एकदाचं जमलंय."

पलीकडे जाळं घेऊन बसलेला विनोद तांडेल म्हणाला, "सदूदादा, तू सांग. खरं की खोटं?"

सदूला म्हणता आलं असतं की साठदा पडून एकदा जमलेलं कसलं खरं. तोंडावर आलंही होतं. पण दीपेशच्या दोन बोटांच्या पाठीवर शिशाने घासून पडलेले काळे घट्टे त्याला दिसत होते.

"हाताचं हाय," तो म्हणाला, आणि जाळं तसंच टाकून उठला.

घरी गुणवंतीने विचारलं, "एवढ्यात आलात?"

"खोटं असतं तर बरं झालं असतं," तो म्हणाला. तिने पाण्याचा तांब्या पुढे ठेवला.

नंतर काव काव थांबलं. सदू त्याच जागी बसत राहिला, दीपेशशी जाळ्यापुरतं बोलत राहिला. जुलैत एकदा दिशा शेडमध्ये आली. "सदूकाका, तुमच्या हातांचा व्हिडिओ काढू? ती अंबाड्यातली गोळी लोकांना आवडेल."

"मला नको ती थेरं," सदू म्हणाला. दिशा बरं म्हणून बापाचा डबा ठेवून निघून गेली.

चार दिवस तो रोज दाढी करून शेडवर जात होता. पाचव्या दिवशी गुणवंतीला म्हणाला, "परत एकदा विचारील असं वाटलं होतं गो. पोरीने विचारलंच नाय."