मूळचा ट्रान्सफॉर्मर

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मी नवऱ्याचा अ‍ॅम्प्लिफायर जाळला. तोही त्यांच्या चिकटपणाला धडा शिकवायचा म्हणून.

हे तेव्हा ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. छावणीतलं एक कुटुंब परदेशी निघालं, त्यांच्याकडून यांनी तो व्हॉल्व्हचा अमेरिकन अ‍ॅम्प्लिफायर घेतला होता. त्याला आपल्याकडची निम्मीच वीज चालायची, म्हणून भिंतीतला प्लग आणि तो यांच्यामध्ये एक वेगळी पेटी लावत. ही पेटी वीज कमी करते एवढं मला समजलं होतं. का करते, ते मी माझ्या अकलेनं ठरवलं: बिल वाचवायला. अकरावी पास होते, विचारायची गरजच काय?

हे पैठणला बहिणीकडं गेले, त्या दिवशी माझ्याकडं हळदीकुंकू. उखाणे माईकवर घ्यायचे ठरवलं आणि बायकांसमोर ती पेटी बाजूला सारून प्लग थेट भिंतीत खुपसला. आवाज आला, खोटं कशाला बोलू. अर्धा उखाणा अख्ख्या गल्लीनं ऐकला. मग धूर आला. खरं तर आधी फ्यूज उडायला हवा होता, पण त्याच्या जागी यांनीच जाड तार गुंडाळून ठेवलेली. हा मुद्दा मी आजही सोडत नाही.

जळाला तो ट्रान्सफॉर्मर, आतला लोखंडी ठोकळा. शहागंजात जळालेल्या पंपाच्या मोटारींना नवी तार गुंडाळून देणारे एक चाचा होते, त्यांना रिक्षात घालून घरी आणलं. त्यांनी ठोकळा सोडवला, हुंगला, आणि म्हणाले, "बाई, लोहा वहीच रैंगा, ढक्कन वहीच रैंगा. तार नया डालतूं. अंदर कौन देखने जाता?"

दुसऱ्या दिवशी मी दुकानात जाऊन समोरच बसले. तारेवर गुंडाळायची सुती पट्टी संपली, तर घरून परकराचा कोरा नाडा आणून दिला. चाचांनी तो नीट बसवला, वर वॉर्निश मारलं, घरी येऊन ठोकळा जागेवर जोडून दिला. हे आले, वाजवलं आणि म्हणाले, "पाह्यलं? दोन दिवस आराम मिळाला की आवाज कसा खुलतो." मी म्हटलं, "व्हय, लई खुलला."

त्यानंतर पन्नासेक वर्षं येईल त्याला यांचं एकच: सगळं मूळचं, ट्रान्सफॉर्मरसुद्धा. मी चहा आणायला उठायची.

आता यांची बोटं वळत नाहीत. मुलगा म्हणाला, "बाबा, वाजवत नाही तर हे धूड ठेवायचं कशाला?" यांना राग आला, आणि रागात शब्द देऊन बसले. "सगळं मूळचं आहे. कुणालाही आणून तपासून घे. मूळचं निघालं तर खुशाल नेऊ दे त्याला." मुलानं मोबाइलवर पुण्याचं एक गिऱ्हाईक शोधलं. ते यायचं त्या आठवड्यात हे रोज फडकं घेऊन त्या अ‍ॅम्प्लिफायरपुढं. जेवायला दोनदा हाक मारावी लागायची.

गिऱ्हाईक म्हणजे शेंडी बांधलेला तरुण पोरगा. टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन जमिनीवर पालथा झाला. ट्रान्सफॉर्मरच्या ढाकणावर ठसा मारलेला आकडा असतो. त्यात कारखाना आणि साल दोन्ही वाचता येतं, म्हणाला. तो त्यानं स्पीकरवरच्या आकड्याशी जुळवला.

"इथला सोल्डरचा डाग नंतरचा वाटतोय, आजोबा. कुणी हात लावलाय?"

"मीच. कंडेन्सर बदलला होता," हे म्हणाले. बिचारे खरंच बोलत होते.

"मग ठीक. ट्रान्सफॉर्मर ओरिजिनल आहे. आजच नेतो."

मुलगा खूश. यांनी माझ्याकडं विजयानं पाहिलं, आणि लगेच कपातल्या चहाकडं पाहत बसले. चहा गार झाला तरी उचलेनात.

सत्याची चाड वगैरे मला तेव्हाही नव्हती, आता कुठून येणार? पण तो थंड चहा मला बघवेना.

"ढाकण ओरिजिनल आहे, बाळा," मी म्हटलं. "आत माझ्या परकराचा नाडा आहे."

"आई, तू आत जा," मुलगा म्हणाला.

त्या पुण्याच्या पोरानं मात्र स्क्रू काढले. आत वॉर्निशनं तपकिरी झालेला नाडा, विणीसकट. मग मी सगळं सांगितलं: पेटी, उखाणा, धूर. पोरगा हसला, पण टॉर्च पिशवीत टाकली. "काम छान केलंय, आजी. पण मला मूळचाच हवा होता." मुलगा त्याला सोडायला खाली गेला, तोंड पाडून.

यांनी ढाकण लावलं, बोटं वळेनात तरी एकेक स्क्रू स्वतःच पिळला. मी शिव्यांची तयारी करून उभी होते.

शेवटी म्हणाले, "बरं झालं जाळलास. मूळचा असता तर आज गेला असता."